पोळ्याआधीच्या रविवारी मातीचे बैल

कलासंग्रहालयांच्या तमाम व्यवस्थापकांना सविनय निवेदन असे, की सहकुटुंब कार्यशाळेत पालकांना बसायला एक फूट उंचीची स्टुलं देणं तत्काळ थांबवावं. योगशास्त्रात चौऱ्याऐंशी आसनं आहेत म्हणतात. गुडघे कानांना टेकवून, पोट मांड्यांत दडपून, चेहरा प्रसन्न ठेवायचं पंच्याऐंशीवं ऋषींना सुचलं नाही, कारण त्यांना मुलांच्या कार्यशाळेला जावं लागत नव्हतं. माझं वजन मी इथे सांगत नाही. स्टुलानं ते तिथे सगळ्यांना सांगितलं.

तर मुळात गेलो का? मी नेवाशात राहतो, शाळेत संस्कृत शिकवतो. नगरच्या एका छोट्या कलासंग्रहालयाचा निरोप मोबाईलवर आला: पोळा जवळ आलाय, मुलांना घेऊन या, मातीचे बैल करा. आमची गार्गी नऊ वर्षांची. गेल्या दिवाळीपर्यंत तिनं घरातला एक कागद कोरा ठेवला नव्हता. आताशा चित्र काढते आणि फाडते. मी खोलीत शिरलो की वही मिटते. तिला पुन्हा हात चालवावासा वाटेल, या आशेनं जायचं ठरलं. शैलानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, अट घातली.

"तिथं तुम्ही तिला काही सांगायचं नाही."

"काहीच?"

"तहान लागली का, एवढं विचारा."

जाणाऱ्यांनी सकाळी सातच्या सुमाराची एसटी धरावी. पाटीवर अहिल्यानगर असतं, कंडक्टर नगर म्हणतो, गाडी दोन्हीकडे पोचते. शैलाला महिला म्हणून अर्धं तिकीट, गार्गीला वयामुळे अर्धं. कुटुंबात पूर्ण असा मी एकटाच निघालो. घोडेगावजवळ कांद्याच्या ट्रकांनी वीस मिनिटं खाल्ली. नगरला स्टँडबाहेर मिसळ घ्यावी, पण तिखट कमी सांगू नये. तो मालक ऐकून घेतो आणि वाढायचं तेच वाढतो.

संग्रहालयाचं तिकीट मोठ्यांना तीस, मुलांना दहा, माती त्यातच. एक जुना शर्ट बरोबर न्यावा. वरच्या दालनात चित्रं आहेत, ती आधी बघून घ्या. नंतर हात चिखलाचे असतात आणि शिपाई दारात उभा असतो.

कार्यशाळा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. शिकवणाऱ्या ताईंनी पहिलाच नियम सांगितला, "मुलांच्या मातीला पालकांनी हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. दहा मिनिटांत शेडमधले यच्चयावत पालक कोपरापर्यंत मातीत होते आणि मुलं पाण्याच्या बादलीपाशी खेळत होती. समोरच्या इंजिनिअर गृहस्थांनी बैलाच्या पायांत घालायला घरून तार आणली होती. त्यांचा मुलगा "बाबा, मला द्या ना" म्हणत होता. "थांब, लोड बघू दे," असं ते म्हणत होते.

मी मात्र हात मांडीखाली दाबून बसलो होतो. गार्गीनं चार पाय केले, पोट केलं, मान केली. छान चाललं होतं. पाऊण तासात मी दोनदा तहान विचारली. मग तिनं वशिंड लावलं, ते मधोमध, उंटासारखं.

"जरा पुढे घे," मी म्हणालो. अगदी हळू.

तिनं वर पाहिलं नाही. दोन्ही तळव्यांत बैल घेतला आणि दाबला. गोळा झाला.

"झालं समाधान?" शैला म्हणाली.

आमच्या शेजारी घोडेगावकडचे एक आबा नातीबरोबर आले होते. टोपी, धोतर, आणि आयुष्य बैलबाजारात गेल्याची नजर. नातीचा बैल झाल्यावर ते टेबलाटेबलावरून हिंडायला लागले. बाजारात फिरावं तसेच. प्रत्येक बैलाला मागून पुढून बघायचे, वाकून तोंडात डोकावायचे. इंजिनिअर साहेबांच्या बैलापाशी बराच वेळ थांबले.

"दिसाया राजावानी हाय. पन साहेब, ह्यो बसला तर उठायचा न्हाई."

साहेबांनी तार किती गेजची ते सांगितलं. आबा म्हणाले, "आसंल."

मग आमच्याकडे आले. "आन तुजा कुठं हाय गं, बाय?"

"मोडला."

आबांनी गोळ्याकडे पाहिलं. उकिडवे बसले, स्टुलाच्या भानगडीत पडले नाहीत. "मोडला कुठं? बसलाय की. दमलाय. मान कुठल्या अंगाला हाय त्याची?"

गार्गीनं एका बाजूला बोट दाखवलं. मग माझ्याकडे पाठ केली, अगदी पूर्ण, आणि कामाला लागली. मला तिची वेणी आणि हलणारी कोपरं तेवढी दिसत होती. बऱ्याच वेळानं तिनं ओंजळ आबांपुढे धरली.

"एक शिंग बारकं हाय," आबा म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आता पुन्हा दाबते.

"लहानपणी भांडताना मोडलंय," ती म्हणाली.

"व्हय का? मंग लई तापट आसंल."

"नाही हो आबा, दुसऱ्याची चूक होती!"

आणि ती हसली. चूक दाखवली तरी हसली.

परतीच्या गाडीत बैल शैलाच्या डब्यात, ओल्या फडक्यात होता. "बाबा, तुम्ही खिडकीतून बघा," असा मला हुकूम होता. घोडेगाव ते नेवासा मी उसाची शेतं फार बारकाईनं पाहिली. तुम्ही आणलात तर माती सावलीत चार दिवस वाळवा, उन्हात भेगा पडतात. हेही मला शैलानं सांगितलं. बैल कुठे वाळतोय ते सांगितलं नाही.

जावं का? जरूर जावं. दिवस छान जातो.

पोळा होऊन गेला. गार्गी पुन्हा काढायला लागली आहे. आईला दाखवते, शेजारच्या काकूंना दाखवते. मी अजून तो बैल पाहिलेला नाही. वीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासतोय, आणि घरी आल्यावर तपासणं थांबवायचं असतं हे मला कळलं नाही. ती चित्र कसं काढते याची मला काळजी नाही. आज ती माझ्यापासून चित्रं लपवते. आणखी चार-पाच वर्षांनी तिचं काही बिनसलं, कुठे चुकली, घाबरली, तर तेही ती माझ्याकडे पाठ करून करेल, याची मला भीती वाटते.