पिल्लांसाठी दुसरं पाणी

माझा मामा कोंबड्या कापायचा. सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागायची, कारण त्याचा हात हलका होता; कोंबडीला कळायच्या आत मुंडकं टोपलीत. घरी आला की तोच हात जड व्हायचा. धार लावायचा दगड जागेवरून हलवला म्हणून त्याने एकदा मामीचे दोन दात पाडले, आणि रात्री जेवताना तिलाच विचारलं, "चावता येत नाही का नीट?" असा विनोदी माणूस.

मामी हूं की चूं करायची नाही. बुटकी, गोल चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात धरणारी. शेजारपाजारचे म्हणायचे, काय सोशिक बाई! या शब्दाचा मला मनापासून राग आहे. मार खाणारीला एकदा सोशिक म्हटलं, की मग भिंतीपलीकडचा आवाज ऐकूनही माणसांना झोप लागते.

मी टपाल कचेरीत लागले आणि त्यांच्या माडीवर राहायला आले. त्याच सुमाराला मामाचा एक खांदा कामातून गेला आणि दुकान बंद झालं. घरात बसून तो नुसता धुमसत होता. एक दिवस खोकंभर चिवचिवणारी पिल्लं घेऊन आला. परसातल्या कोळशाच्या खोलीत त्याने लाकडाचा भुसा पसरला, उबेसाठी बल्ब टांगला आणि तिथेच बैठक मारली. "ये गं माझी राणी. दमलीस? बघू, बघू तुझं पोट." जन्मभर यांच्या आईबापांच्या माना उडवल्या आणि आता ही लाडीगोडी! मला हसू यायचं. स्वयंपाकघराची खिडकी त्याच खोलीसमोर होती. भांडी घासताना मामीचे हात मध्येच थांबायचे. ती ऐकत उभी राहायची आणि हसायची नाही.

पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली आणि एका सकाळी त्यांतली काही पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झालेली दिसली. भुशावर रक्ताचे डाग होते. विष्ठेतूनच रक्त पडत होतं. दोन पिल्लं तर गार होऊन पडली होती.

"विष घातलंय!" मामा ओरडला. शेजारच्या शिंप्याने कधीतरी वासाची तक्रार केली होती, तेवढं निमित्त पुरलं. मामा त्याच्या दुकानात घुसला, मशीनवर बसलेल्या माणसाचे केस धरले आणि त्याचं कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. शिवायला आलेला पांढरा सदरा रक्ताने भिजला. शिंप्याची बायको कात्री घेऊन मामाच्या अंगावर धावली. चौघांनी मामाला ओढलं तेव्हा कुठे शिंप्याची सुटका झाली. "अहो, मला काज करायला वेळ नाही," शिंपी रडत म्हणाला, "तुमच्या पिल्लांना विष कधी घालू?"

मामाने ऐकलंही नाही. त्याने एक रक्त पडणारं पिल्लू स्वच्छ टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि अनवाणीच जनावरांच्या दवाखान्याकडे पळाला. मामी दारात उभी राहून बघत होती.

"कसा पळाला बघ," ती मला म्हणाली. "मला चौथा महिना होता तेव्हा याने पोटात लाथ मारली. असंच रक्त जात होतं. हा दुकान उघडायला गेला."

त्यांना मूल का नाही, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तिचा हात धरायला गेले, तर ती म्हणाली, "भात करपेल," आणि आत गेली.

मामाने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घरीच आणलं. त्यांनी मेलेलं पिल्लू पायरीवर ठेवून पोट फाडलं. आतड्याचे दोन फाटे रक्ताने टम्म भरले होते. एवढ्या कोंबड्या कापलेल्या मामाने तोंड फिरवलं.

"विष नाही, रक्ती हगवण आहे," बाई म्हणाल्या. "रोग विष्ठेतून भुशात येतो, ओल्या भुशात जोर धरतो, आणि पिल्लं तिथंच चोच मारतात. सगळा भुसा काढा, कोरडा घाला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, पिल्लाच्या पाठीइतकं उंच, म्हणजे सांडणार नाही. दाटी करू नका."

"औषध?"

"ही पूड पाण्यात द्यायची. आजारी पिल्लू खात नाही, पण पाणी पितं. म्हणून नीट ऐका, दुसरं पाणी समोर ठेवायचं नाही. साधं पाणी मिळालं तर औषध पोटात जाणार नाही. आणि ताकदीचं टॉनिक वगैरे आत्ता नको, औषधाचा गुण जाईल. ते मागाहून."

मामाने अक्षर न् अक्षर पाळलं. खराट्याने जमीन खरवडली, भुसा उन्हात वाळवून घातला, औषधाचं पाणी रोज ताजं केलं. तरी पिल्लं दगावत राहिली. भुसा पुन्हा ओला लागायचा. मामाने खोलीचं छप्पर गळतं का ते तपासलं, विटा बदलल्या, दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मूठ आपटली. शेवटी खोलीच्या दारात बसून तो ओक्साबोक्शी रडला. माझं म्हणाल तर मला त्याची काडीचीही दया आली नाही.

रविवारी दुपारी तो बाहेर गेला होता. मी कपडे काढायला परसात आले, तर खोलीत मामी. तिने औषधाचं भांडं उचलून कोनाड्यात ठेवलं होतं. पिल्लांपुढे थाळीत साधं पाणी होतं आणि ती तांब्याने कोपऱ्यातला भुसा भिजवत होती, कुंडीला पाणी घालावं तशी सावकाश.

"मामी, अगं तो जीव घेईल तुझा!"

"घेऊ दे. यांचं रक्त बघून रडतो तो. त्याला रडताना बघायचंय मला." तिने एक पिल्लू उचललं. धडधाकट होतं, उरलेल्यांतलं सगळ्यात गुटगुटीत. ते तिच्या छातीशी बिलगून बसलं, तशी तिच्या हातातला तांब्या खाली आला. "पण आता पुरे झालं," ती हलकेच म्हणाली. "याचा काय दोष?"

तेवढ्यात मामा मागून आला. त्याने थाळी पाहिली, तांब्या पाहिला. मी मध्ये पडले तर मला त्याने कोळशाच्या ढिगावर भिरकावलं. भांड्याखालची वीट उचलून त्याने मामीच्या पाठीत घातली. ती तोंडावर आपटली, छातीशी धरलेल्या हातांसकट. पिल्लं भिंतींवर धडकत सैरावैरा पळाली. त्याने दुसऱ्यांदा वीट उगारली, तोच ती वळून बसली. भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. पिल्लू तिच्या दोन्ही मुठींत होतं.

मामाचा हात वरच थांबला.

"नको," तो म्हणाला. वीट खाली पडली. "त्याची मान नको पिरगळू. ऐक माझं." तो ओल्या भुशात गुडघ्यांवर बसला. "हात जोडतो तुला. सोड गं त्याला."

मामीने मुठी उघडल्या. पिल्लाची मान एका बाजूला लवंडली. चोचीतून रक्ताचा थेंब आला होता.

"मी नाही मारलं, अहो," ती म्हणाली. "मी त्याला धरून होते. तुम्ही मला मारलंत, तेव्हाच गेलं ते."