बरणीतल्या माशाचं बारसं

आमच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मासे शिजतात. त्यामुळे मुलीने मासा पाळायचा विषय काढला तेव्हा मला हसू आलं. तरी आणला, अंगठ्याएवढा निळा फायटर. नाव ठरायच्या आतच तो मेला. दुसरा आणला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हाही गेला तर तिसरा नको. मला बघवत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसला निघण्याआधी मी बरणीसमोर उभा राहून त्याचे कल्ले मिनिटात किती वेळा हलतात ते मोजायचो. आकडा कालच्यापेक्षा कमी आला की पुन्हा मोजायचो. बायको म्हणायची, "अहो, तो बरा आहे. तुमचंच बीपी मोजा."

बाराव्या दिवशी बारसं करायचं, असं मुलीने ठरवलं. नाव 'नीलराज'. ते कानात सांगायला आत्या हवी, म्हणून ओवे गावाहून माझ्या थोरल्या बहिणीला बोलावलं.

रविवारी ती आली ती मांदेलीची पिशवी घेऊनच. "पिशवीत कालवण नि बरणीत भाचा!" ती बरणीकडे वाकून म्हणाली. "तू नको ऐकू रं." मग तिचा आवाज बदलला. "अरं, हा आडवा का झालाय?"

मासा तळाशी कुशीवर पडला होता. बारशाआधी बाळाला न्हाऊ घालतात, म्हणून बायकोने सकाळी बरणी घासून, जुनं पाणी ओतून, नळाचं ताजं पाणी भरलं होतं. मी बरणी नाकाशी नेली. ब्लीचिंग पावडरचा उग्र वास. एरवी आम्ही ड्रममधलं, आदल्या दिवशी साठवलेलं पाणी घालायचो. त्याला हा वास उरत नाही.

"आधी याला बाहेर काढा," मी म्हणालो. बायकोने हाताशी आलेलं पातेलं पुढे केलं.

"आई, कालवणाच्या पातेल्यात नाही!" मुलगी किंचाळली.

शेवटी काचेच्या वाडग्यात ड्रमचं पाणी घेऊन त्याला त्यात सोडलं. तो तसाच पडून राहिला. कल्ले हलत होते, पण मी मोजायला धजलो नाही. मुलगी वाडग्यावरून नजर काढत नव्हती.

"कान कुठं हाय याला?" बहिणीने विचारलं.

"नसतो गं, आत्या."

"मग मोठ्यानंच सांगते. दगडू!"

"आत्या, नीलराज ठरलंय!"

"गोजिरं नाव नाय चालायचं. एक गेलं की आपल्याकडं पुढच्याचं नाव असंच ओबडधोबड ठेवतात, म्हंजे कुणाची नजर जात नाय. तुझा आजा असाच जगला."

मांदेली तशीच फ्रीजमध्ये गेली. त्या दुपारी कुणी तिचं नाव काढलं नाही. आम्ही वरणभात खाल्ला, तोही वाडगा टेबलावर मध्ये ठेवून.

पानं उचलताना तो सरळ झाला. हळूहळू वर आला, पृष्ठभागाला तोंड लावून हवेचा एक घोट घेतला आणि परत खाली गेला.

नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या असतात. मघाशी कुणाला सुचलंच नव्हतं. आता मुलीने दोन्ही मुठींनी सुरुवात केली.

"अगं, पुरे! आई गं!" बहीण ओरडत होती.

मी घड्याळ समोर धरून दगडूचे कल्ले मोजायला बसलो.