कच्चं सोयाबीन आणि सासऱ्यांवरचा आळ

कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं ते माझ्यामुळे, आणि चोरीचा आळ आला सासऱ्यांवर. मी तीन आठवडे गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. बायको त्यांच्या बंडीचे खिसे तपासत होती तेव्हा मी बाजूला उभा राहून हसलोसुद्धा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला भोळा दाखवायला लागलो तरी कुणी फसणार नाही.

कोहका नावाच्या हिंदीभाषी वस्तीतल्या आमच्या घरामागे बायकोच्या सात कोंबड्या आहेत. नुसत्या कनकीवर, म्हणजे तांदळाच्या कण्यांवर, कोंबडी अंडं देत नाही, तिला प्रोटीन लागतं, हे बायकोचं ठाम मत. त्यासाठी फुटक्या कूलरच्या टाकीत तिने अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं हिरवं नेचं, वाढवला होता. सासरे रोज सकाळी डबा घेऊन मागच्या रिकाम्या प्लॉटवर जात आणि वाळवी गोळा करून आणत. औषध मारलेल्या लाकडाच्या वाटेला ते जात नसत. तशी वाळवी खाऊन कोंबडी मरेल म्हणत. माझ्याकडे एकच काम होतं. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून सुकट आणायची, मीठ जाईपर्यंत धुवायची आणि संध्याकाळच्या खाण्यात मिसळायची.

मला सुकटीचा वास सहन होत नाही. तो पिशवीतून स्कूटरला लागतो, स्कूटरवरून हेल्मेटमध्ये शिरतो. सोमवारी प्लँटमध्ये शिफ्टला गेलो की लॉकरपाशी सोबती नाक वर करून विचारायचा, "क्यों भाई, समुंदर में ड्यूटी लगी है क्या?"

त्यातच भावाने गावाहून पोतंभर सोयाबीन पाठवलं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. सोयाबीनमध्ये प्रोटीन भरपूर, कोंबड्यांना उत्तम, असं तो माणूस सांगत होता. शिफ्टची वेळ झाली म्हणून मी व्हिडिओ अर्ध्यावर बंद केला. आधी नीट भाजून घ्या, कच्चं दिलं तर पचत नाही, कोंबडी खंगते आणि अंडी थांबतात, हे सगळं उरलेल्या अर्ध्यात होतं.

मी सोयाबीन तसंच कच्चं भरडलं आणि सुकटीऐवजी घालू लागलो.

"आज वास कावून नाई येऊन राहिला?" बायकोने विचारलं.

"तीन पाण्यानं धुतली," मी म्हणालो. तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर असं कौतुक सहज मिळत नाही, त्यामुळे खोटं मोडवेना.

रोजची पाच अंडी तीनवर आली, मग एकावर. तेव्हा मी उरलेला व्हिडिओ पाहिला, पण सोयाबीन भाजायला घेतलं तर वासाने खोटं उघडं पडेल म्हणून कच्चंच चालू ठेवलं. बायकोने मुंगूस पाहिलं, साप पाहिला, शेजारचं मांजर पाहिलं आणि शेवटी वडिलांकडे पाहिलं. त्याला कारणही होतं. डॉक्टरांनी त्यांना पिवळा बलक बंद केला होता, आणि दिवसभर कोंबड्यांपाशी खुर्ची टाकून बसणारे ते एकटेच.

"बाबा, खरं सांगा. किती खाल्ले?"

"मी कावून खाईन वं?"

"तोंड दाखवा."

त्यांनी तोंड उघडलं. कॉलेजात जाणारी आमची मुलगी मोबाइलचा टॉर्च घेऊन धावली. "आबा, जीभ बाहर! मम्मी, यहाँ कुछ पीला-पीला है."

"ते दात आहे, बाई!" सासरे म्हणाले.

बायको तोवर त्यांच्या बंडीचे खिसे तपासायला लागली होती. मी हसलो तो तेव्हा.

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे राहतात. पोरीच्या घरी राहणं त्यांना आधीच जड जायचं. दुसऱ्यांदा भात वाढला तरी "बस, बस" म्हणून हात आडवा धरत. अशा माणसाला बायकोने परसात बसायला बंदी केली. त्यांची खुर्ची पुढच्या दारात आली. वर तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या नवऱ्याला, आणि संध्याकाळी चौकाच्या ओट्यावर पत्ते कुटणाऱ्या रिटायर मंडळींनी सासऱ्यांचं स्वागत केलं, "या अंडेवाले, या! कच्चे का उकडलेले?" तीन दिवस ऐकून घेतल्यावर ते ओट्यावर जायचे बंद झाले.

मला वाईट वाटलं, पण बोलायची हिंमत झाली नाही. मी मधला मार्ग काढला. दुकानातून गावरान म्हणून सहा अंडी आणली आणि गुपचूप पेंढ्यात ठेवली. अंडी परत दिसली की बाबा सुटतील, असा माझा हिशोब. बायकोने ओल्या हाताने पहिलं अंडं उचललं आणि तळहात तांबडा झाला.

मुलीने वास घेतला. "मम्मी, ये तो चाय का कलर है! सफेद अंडे को रंगाया है किसी ने."

दुकानदाराने मला फसवलं होतं. पण हे सांगायचं तर अंडी दुकानातून आणली हे सांगावं लागणार होतं. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो.

"बाबा!" बायको ओरडली. "चोरी लपवाले आता अंडे रंगवाले लागले तुम्ही?"

सासरे पाठ फिरवून आत गेले. मी मागोमाग गेलो तर ते पलंगाखालून पिशवी ओढत होते.

"गावाले जातो म्हणतो," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं प्लँटच्या गेटवर झडती दिली. खिशातून एक नट नाई निघाला कधी."

धोतर घडी करता करता, माझ्याकडे न पाहता त्यांनी हळूच सांगितलं, "जवाईबापू, मी गेल्यावर सोयाबीन भाजून घालत जा. कच्चं नाई पचत त्याहिले."

"तुम्हाले माहीत होतं?"

"पहिल्या हप्त्यातच दिसलं मले. खाण्याच्या डब्यात सोयाबीनचा भरडा होता."

"मंग बोलले कावून नाई?"

"जवायाचं नाव कसं घेतलं असतं?" ते म्हणाले. "लग्नात पाय धुतले तुमचे."

आमच्याकडे जावयाला सासरी कुणी अरे म्हणत नाही, त्याच्यावर आळ घेणं तर दूरच. हे मला पुरतं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर मी तीन आठवडे काढले होते.

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि बायकोला हाक मारली. सगळं सांगितलं: सोयाबीन, तीन पाणी, चहाची अंडी. ती आधी हसली, मग रडली, मग वडिलांची खुर्ची स्वतः उचलून परसात ठेवून आली. माझ्याशी मात्र चार दिवस बोलली नाही.

सासरे खुर्चीत बसले, पण पिशवी त्यांनी रिकामी केली नाही. मला कळलं, घरात सांगून भागणार नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना आग्रहाने ओट्यावर नेलं. चौघं पत्ते वाटत होते. एकाने तोंड उघडायच्या आत मी कोंबड्यांची सगळी हकिगत सांगून टाकली. पत्ते थांबले.

"मंग अंडेवाला कोन झाला आता?" एक म्हातारा म्हणाला.

"मी," मी म्हणालो आणि सासऱ्यांच्या पायांशी वाकलो. ते दचकून मागे सरले. "अहो, काय करून राहिले? जवायानं पाया पडू नये, मले पाप लागते!"

मी पाय सोडले नाहीत. "बाबा, चुकी माही होती. माह्यावर कोणी बोट उचलणार नाई हे मले माहीत होतं, म्हनून तुमच्यावर येऊ देलं. मले माफ करा."