शेजारणीचा पांगारा

२००४ साली आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आली. मी आणि नवरा सकाळीच ऑफिसला जायचो. ती दिवसभर एकटी. शेजारच्या बॅकयार्डातल्या एका झाडाने तिला लळा लावला. निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलं. "पांगाराच आहे, जरासा वेगळा," ती म्हणाली.

झाड लावणाऱ्या आजी दक्षिण आफ्रिकेतल्या. कुंपणावरून दोघींचं अर्धं खुणांनी बोलणं चालायचं. हे आमच्या गावाकडचं झाड, तिथे सुजेवर आणि सांधेदुखीवर त्याची साल वापरतात, असं त्यांनी आईला सांगितलं. आईचे गुडघे दुखतात हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

एका दुपारी मी ऑफिसातून घरी फोन केला. आईने तो बऱ्याच वेळाने उचलला. जीभ जड झाली होती. "हात उचलत नाहीये गं," एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज आला.

मी नाइन-वन-वनला पत्ता सांगितला आणि गाडी काढली. फ्रीवे तुंबलेला होता. काचा बंद करून मी मोठमोठ्याने आईला हाका मारत होते.

पोचले तेव्हा अँब्युलन्सची माणसं मागच्या सरकत्या दाराने आत शिरली होती. शेगडीवर पातेल्यात तपकिरी पाणी, त्यात सालीचे तुकडे. काय प्यायल्या, त्यांनी विचारलं. पांगारा, मी म्हणाले. तो शब्द त्यांच्या काय कामाचा? मी शेजारी धावले. आजींनी झाडाचं नाव सांगितलं आणि आई साल उकळून प्यायली हे ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वाटून बांधायची असते," त्या म्हणाल्या. "प्यायची नाही."

त्या सालीने स्नायू ढिले पडलेत, हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. श्वास चालू राहतोय ना, तेवढं बघत राहायचं. मी आईच्या छातीवरची चादर बघत बसले. ती खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत माझाही श्वास अडकायचा. संध्याकाळी तिची बोटं हलली.

गुडघ्यांचं मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तू दमून येतेस," ती म्हणाली. "त्यात माझं कुठे काढू?"

घरी आणल्यावरही आठवडाभर मी ऑफिसला गेले नाही. सोफ्यावर तिचा जरा डोळा लागला की जवळ जाऊन उभी राहायचे. एकदा डोळे न उघडताच ती म्हणाली, "आहे मी. जा, तुझं काम कर."

मी तिथेच बसले.