खंडाचा दिवस

तात्पुरत्या नेमणुकीवरच्या डॉक्टरला सरकार दर चार महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं. त्याला खंड म्हणत. दुसऱ्या दिवशी नवा आदेश घेऊन मी पुन्हा त्याच खुर्चीत. सेवा सलग होऊ नये, पुढे कुणी हक्क सांगू नये, एवढ्यासाठी ही हुशारी. रेणापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी अशी आठ वर्षं काढली. खंड आला की माझा जळफळाट व्हायचा. बायकोला मात्र तो सणच वाटायचा. आम्ही लातूरला जायचो, खानावळीत जेवायचो, गंजगोलाईत ती तासभर बांगड्या निवडायची. सकाळीच कुणी पेशंट दारात आला तर बिनदिक्कत सांगायची, साहेब आज नोकरीत नाहीत.

भूकंपानंतर चौथ्याच दिवशी खंड आला. तिला ताप होता. मी बॅग उचलली तशी ती म्हणाली, "आज तर तुम्ही सरकारचे न्हाई ना? मग आजच्या दिवस माझे ऱ्हावा."

मी गेलो. दिवसभर टाके घातले, हातपाय बांधले. हजेरीपटावर सही मात्र केली नाही, कारण मी नोकरीतच नव्हतो.

पुढे कायम झालो आणि लोह्याकडे बदली झाली. मुलीच्या शिकवणीसाठी बायको तिला घेऊन लातूरला एका खोलीत राहायला गेली. अर्धा मराठवाडा तेव्हा पोरं घेऊन तिथे उतरला होता. बढती मिळाली की मला लातूरची जागा मिळणार होती, तिघं एका घरात राहणार होतो. पण ज्येष्ठता कायम झाल्यापासून धरली. आधीची आठ वर्षं बाद. मागून आलेले पुढे गेले, मी अर्ज करत राहिलो. ती दर फोनला विचारायची, कागद आला का.

एका दुपारी त्या खोलीतच तिच्या छातीत दुखू लागलं. मी लोह्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी डॉक्टर, आणि माझ्याच बायकोची नाडी मला वेळेवर धरता आली नाही.

कागद दोन वर्षांनी आला. वरातीमागून घोडं, दुसरं काय. मुलीने वाचून दाखवला: मधले सर्व खंड क्षमापित करून सेवा सलग धरण्यात येत आहे. म्हणजे सरकारदरबारी त्या आठ वर्षांत मी एकही दिवस घरी नव्हतो. भूकंपातला तो एक दिवस त्यांनी बरोबर धरला. बाकीचे तिचे होते.