तुळशीच्या अलीकडची रेघ

"बघ गो बाय, माजी मानसा आली का?"

असं म्हणत ती मासळीची पाटी दवाखान्याच्या पायरीवर टेकवायची आणि टोचलेलं बोट थेट माझ्या नाकासमोर धरायची. बाकावरचे पेशंट रुमाल नाकाला लावायचे. मी बोट पाहायचे. जरासं लाल, जरासं सुजलेलं. "आली," मी म्हणायचे. मग ती खूश होऊन पाटी उचलायची आणि बाजाराकडे चालू लागायची. औषध वगैरे तिला नकोच असायचं.

तुम्ही रेवदंड्याच्या बाजारात सकाळी गेला असाल तर तिला पाहिलं असेलच. पाहिलं नसेल तरी ऐकलं नक्की असेल. पापलेटाचा भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "हात लावू नको, त्याला लाज वाटते." सगळा बाजार तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही मावशीच म्हणत असे.

हे माणसांचं प्रकरण माझ्यामुळेच सुरू झालं. नवा दवाखाना, नवी डॉक्टर, उत्साह उतू चाललेला. तिनं एकदा सहज विचारलं, काटा लागला की बोट लाल कशाला होतं? मी तिला बसवून सगळं सांगितलं. त्वचेत काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. जखमेतून जंतू आत शिरले की त्या हाकाटी करतात. मग तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाली आणि ऊब. रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतूंना गिळतात आणि पुष्कळशा तिथेच मरतात. त्यांचाच पू होतो. मागून आलेल्या दुसऱ्या पेशी सगळं साफ करतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजे आमच्या कोलीवाड्यासारका. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली की एक जन बोंबलतो, नि सगली मानसा भात टाकून धावतान."

मी म्हटलं, अगदी तसंच. माझ्या कॉलेजातल्या सरांनाही हे इतकं झटकन सांगता आलं नसतं. मी तेव्हा स्वतःवर फारच खूश होते. पण त्या दिवसापासून त्या पेशी मावशीच्या घरच्या झाल्या. बोट ठणकलं की ती त्याच्याशी बोलायची. पू आला की चुकचुकायची, "गेली बिचारी."

मग एकदा शिंगाळ्याचा काटा तिच्या अंगठ्यात घुसला. हा मासा दिसायला गरीब, पण काटा मोठा वाईट. मावशी आली तेव्हा अंगठा वांग्यासारखा झाला होता आणि लाली मनगटापर्यंत चढली होती. तिच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लाली त्याच्या अलीकडे थांबत होती. तिथे मी पेनानं हाताभोवती फिरवून रेघ मारली.

"मावशी, या गोळ्या घ्यायच्या. लाली या रेघेच्या पुढे गेली तर अलिबागला मोठ्या दवाखान्यात जायचं. हयगय केली तर हातावर बेतेल."

"हात गेला तर म्हावरा कोन कापल?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. लाली बरोबर रेघेपाशी थांबलेली. मला हायसं वाटलं. पण हात धरला तर चांगलाच तापलेला, आणि मावशी भर उन्हात कुडकुडत होती. मी पुन्हा पाहिलं. तुळस लाल झाली होती. ती आता रेघेच्या आत होती.

"मावशी, ही रेघ कोणी मारली?"

मावशी पाटीकडे बघू लागली. मग कबूल झाली. खोबरेल लावून जुनी रेघ पुसली होती आणि नातवाच्या पेनानं नवी पुढे मारली होती. गोळ्या पदराच्या गाठीत तशाच होत्या.

"अशी कशी गो तुजी रेग? माजी मानसा लडतान, दमतान. त्यांना जराशी जागा नको? नि बाहेरची मानसा कशाला आनायची? त्यांचा अपमान न्हाय?"

मी तिला ओरडले. इतकी, की बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. मग दवाखाना बंद केला आणि तिला रिक्षात घातलं.

अलिबागच्या रस्त्यावर ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मला भीती वाटत होती. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "माजी मानसा हारली का?"

"हरली नाहीत. पण होडी मोठी असली तर तुमच्या कोळीवाड्याला एकट्याला ओढता येते का?"

"न्हाय. मंग बाजूच्या चौलची मानसा येतान."

"गोळ्या म्हणजे चौलची माणसं."

"असा आदी सांगायचा ना!" ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडू लागली. चौलहून आलेल्यांना चहा द्यावा लागतो, म्हणून वाटेत टपरीवर रिक्षा थांबवायला लावून पहिली गोळी तिनं चहाबरोबर घेतली. अलिबागला अंगठा चिरून पू काढला. हात वाचला. पुढची प्रत्येक गोळीही तिनं चहाबरोबरच घेतली, "घ्या, दमला असाल" असं म्हणत. अंगठा थोडा ताठ राहिला, पण सुरमई कापताना कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मागच्या वर्षी मावशी गेली. म्हातारपणानं, झोपेत. बाजारातल्या तिच्या जागेवर आता तिची सून बसते. ती भाव करू देते, त्यामुळे मला ती जागा परकी वाटते. सकाळी पायरीवर पाटी टेकल्याचा भास होतो आणि मी अजूनही मान वर करते.

परवा कोळीवाड्यातली एक तरुण बाई लंगडत आली. पायात काटा, घोट्याच्या वर लाली. आणि लालीच्या कडेनं निळ्या पेनानं मारलेली रेघ. लाली रेघेच्या बोटभर पुढे गेलेली.

"रेघ कोणी मारली?"

"मीच. काल. मावशीन सगल्यांना सांगून ठेवलाय. रेग मारायची, नि लाली पुडं गेली की रेग हलवायची न्हाय, डागतरीनबायकडं जायाचा."

मी गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या नीट पाहिल्या आणि विचारलं, "ही चौलची ना?"

मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.