आत्याच्या रक्तात काय निघालं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माझं मलाच नीट कळत नाही.

रोह्यात एका लॅबमध्ये मी रक्त तपासतो. स्वभावानं पक्का संशयी. डॉक्टरांवर संशय, औषधांवर संशय, भाजीवालीच्या तराजूवर तर रोजचाच. कोरोनाची लस आली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. एवढ्या घाईत आलेलं इंजेक्शन — रक्तात काहीच गडबड करत नसेल?

पेणजवळ खाडीकाठच्या गावात माझी आत्या राहते. तिचे यजमान, आमचे मामा, मिठागरावर कामाला होते. आत्यानं पहिला डोस घेतला आणि ताप भरला, अंग मोडून आलं. मामा घाबरले. डोस घ्यायची पुढची पाळी त्यांचीच होती ना! मलाच बोलावलं — घरचा माणूस, खरं काय ते सांगेल.

गेलो, रक्त काढलं, नळी बाइकच्या डिकीत टाकली. बर्फाचा डबा? तो घरी राहिला होता. नागोठण्याला भर उन्हात गाडी लावून निवांत मिसळ खाल्ली, मग खड्ड्यांतून आदळत रोह्याला आलो.

लॅबमध्ये नळी यंत्रात गरगर फिरवली, म्हणजे पेशी तळाला बसतात. वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते लालसर होतं. याचा अर्थ आमच्या धंद्यात कुणीही सांगेल — वाटेत तापून, हिंदकळून रक्तपेशी फुटल्या. मग पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं, लिव्हरचा एक आकडाही वर जातो. असं रक्त टाकून द्यायचं आणि दुसरं घ्यायचं.

मी तेच मशीनला लावलं.

आकडे वाढलेलेच आले. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. बघा, मी म्हणत नव्हतो? लगेच मामांना फोन लावला — लसीनं आत्याच्या लिव्हरवर आलंय. लालसर पाण्याचं मात्र बोललो नाही. परत पेणला कोण जाणार होतं?

मामांनी लस घेतली नाही. पुढं कोरोना त्यांच्या घरात शिरला. आत्या उठली, मामा गेले. डोस घेतला असता तर वाचले असते? कोण जाणे. पण मी तो घेऊ दिला नाही, एवढं खरं.

परवा आत्याचा फोन आला. तान्ह्या नातीला लस टोचायची होती, सून तयार, आत्याच अडून बसलेली. "तू रगत बगतोस. तू सांगशील तसा करू."

दे म्हणालो.

"मंग तवा काय झालं व्हतं?"

सांगायची वेळ हीच होती — नाही का? तोंड उघडलंही. आणि म्हणालो, आत्या, ती लस वेगळी होती गो, ही चांगली आहे.

मग म्हणाली, "ही तवा आसती, त तुजा मामा वाचला आसता, नाय रं?"

मी व्हय म्हणालो.